नवसाबाईचा कोयता

श्रावणातली सकाळ होती आणि कलमं बांधायचं काम ऐन भरात आलं होतं. शेडनेटच्या हिरवट उजेडात नवसाबाई भोये, तिचा नवरा मंगळू आणि लेक तृप्ती असे तिघं बसले होते. पुढ्यात आंब्याच्या गावठी रोपांच्या काळ्या पिशव्या, बाजूला ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या केशर आंब्याच्या काड्या. फाटकाशी एक पिकअप थांबली, तिच्या मागे दोन मोटारसायकली. गिऱ्हाईक असेल म्हणून मंगळू हात पुसत उठला. पिकअपमधून माणसं उतरली, त्यांच्या हातात कोयते दिसले आणि तो जागच्या जागी थांबला.

कुणी शिवी दिली नाही की दम भरला नाही. ते सरळ आत शिरले आणि कापायला लागले. आधी गुलाबाच्या रांगा गेल्या, मग जास्वंद, मग पेरू. लाथेसरशी पिशव्या फुटत होत्या आणि माती भिंतीवर उडत होती. एकाने शेडनेटच्या दोऱ्या तोडल्या, तशी अख्खी जाळी तृप्तीच्या अंगावर कोसळली. ती आत अडकून धडपडायला लागली. नवसाबाई तिला सोडवायला धावली. त्या गडबडीत तिने पाहिलं, पिकअपच्या पुढच्या दारातून वसुलीवाला राजू उतरला होता आणि त्याचं रोपांकडे लक्षच नव्हतं. तो कुंपणाजवळच्या केशरच्या झाडाकडे चालला होता.

त्या झाडाच्या काड्यांवर त्यांची रोपवाटिका उभी होती. मंगळूने ते झाड इथे आल्याच्या पहिल्याच वर्षी लावलं होतं आणि दर हंगामात त्याच्याच काड्या गावठी रोपांवर चढत होत्या. राजू कधीकाळी टेम्पोतून रोपं पोचवायचा, त्यामुळे कुठल्या रोपवाटिकेत कुठलं झाड मोलाचं हे त्याला पाठ होतं. मंगळू धावत गेला आणि खोडाला पाठ लावून उभा राहिला. राजूने त्याच्या डोक्यावरची एक फांदी तोडली, मग दुसरी. "बाजूला हो," एवढंच तो म्हणाला. मंगळू हलला नाही. तिसरा वार येताना त्याने उजवा हात वर केला.

कोयता हाताच्या कडेतून आरपार गेला. तीन बोटं चिखलात पडली.

राजूने एकदा खाली पाहिलं, पातं ओल्या गवतावर पुसलं आणि उरलेलं झाड तोडायला दुसऱ्याला सांगितलं. मंगळू तिथेच बसला होता, मनगट छातीशी धरून, आणि त्याच्या डोक्यावर झाड तुटत होतं.

नवसाबाई ओरडत रस्त्यावर आली. समोरच्या रोपवाटिकेचा मालक दारात उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि फाटक ओढून घेतलं. त्याच्या शेजारच्यानेही तेच केलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी फाटकं लागत गेली, आणि तो आवाज पुढे कितीतरी दिवस तिच्या कानात राहिला.

नवसाबाई पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. भात कापून झालं की पाड्यावरची माणसं द्राक्षाच्या छाटणीला नाशिककडे उतरत, तशी तीही लग्नानंतर मंगळूबरोबर उतरली. एका वर्षी छाटणीचं काम लवकर संपलं आणि दोघं गंगापूर रोडवरच्या एका रोपवाटिकेत पाणी घालायला लागली. तिथे मंगळू कलमं शिकला. त्याच्या हाताला ती कला होती. त्याने बांधलेलं कलम सहसा मरत नसे, आणि हळूहळू मालक अवघड कामं त्याच्याकडेच देऊ लागला. पुढे शहर पसरत गेलं तशा रोपवाटिकाही गिरणारेच्या बाजूला सरकल्या. त्या रांगेत भोये नवरा-बायकोने भाड्याने जमिनीची एक पट्टी घेतली आणि स्वतःची पाटी लावली.

लॉकडाउन उठल्यावर या धंद्याला उधाण आलं. धरणाच्या बाजूला फार्महाउस उठत होती, रिसॉर्ट उठत होती, आणि तयार मोठी झाडं सगळ्यांनाच हवी होती. आंध्रातून ट्रक भरभरून येऊ लागले. राजूने तेव्हा टेम्पो विकला आणि माल उतरवणाऱ्यांची म्हणे युनियन काढली. त्याची माणसं झाडाला हात लावत नसत. ती नुसती ट्रकसमोर उभी राहत आणि उतरवल्याचे पैसे घेऊन जात. बहुतेकांनी मुकाट्याने दिले. मंगळूने दिले नाहीत. आमची झाडं आम्हीच उतरवतो, असं त्याने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारायला कुणी आलं नाही, ते कोयते घेऊनच आले.

दवाखान्यात डॉक्टरांनी बोटं जोडायचा प्रयत्न केला, पण ती मातीत फार वेळ राहिली होती. पोलीस ठाण्यात हवालदाराने 'आपसातली हाणामारी' असं लिहून घेतलं. नवसाबाईने नावं सांगितली नाहीत. राजूचा एक माणूस दवाखान्याच्या दारातच बिडी ओढत उभा होता, आणि तृप्ती रोज त्याच दारातून डबा घेऊन येत होती.

त्याच दिवसांत श्यामला गर्गे आल्या. त्या रोपवाटिका आणि बागकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या सचिव. घराणं पंचवटीतल्या उपाध्यायांचं, पण या शिकल्या बागा आखायला, आणि शहरातल्या निम्म्या मोठ्या बंगल्यांची हिरवळ त्यांच्या कागदावरून उतरलेली. वय साठीला टेकलेलं, केस आखूड कापलेले, बोलणं तोडून टाकल्यासारखं. नवसाबाईला संघटनेत त्यांनीच ओढलं होतं. आजवर तिने संघटनेचं पाहिलेलं काम म्हणजे वर्षाचं फुलांचं प्रदर्शन, एखादी सहल आणि खतांच्या कंपनीने दिलेलं जेवण.

श्यामलाबाई खाटेशी बसल्या आणि म्हणाल्या की नावानिशी तक्रार द्यायला हवी.

नवसाबाईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमची संघटना फोटो काढाया हाय, ताई," ती म्हणाली. "समोरच्यानं फाटक लावून घेतलं. त्यो तुमचा मेंबर हाय. बाजूचा बी मेंबर हाय. तुम्ही जा."

श्यामलाबाई गेल्या. मंगळू भिंतीकडे तोंड करून पडला होता. नवसाबाई तशीच बसून राहिली, आणि त्या बसण्यात तिच्या मनात एकच गोष्ट पक्की होत गेली. तक्रार नको, साक्ष नको. राजूचा उजवा हात हवा. घरी गेल्यावर तिने कोयत्याला धार लावली आणि तेव्हापासून तो कमरेला खोचून फिरायला लागली. तृप्तीने ते पाहिलं.

श्यामलाबाई पुन्हा आल्या त्या वकील घेऊन. तेजश्री पाटणकर, संघटनेचं काम पाहणारी तरुण वकील. तिने नवसाबाईला गंगापूर रोडच्या हॉलमध्ये संघटनेच्या बैठकीला यायची विनंती केली. नवसाबाई गेली ती ऐकायला नाही, बोलायला.

हॉल भरला होता. अध्यक्ष दिवाकर कुलथे, गुलाबाच्या धंद्यात केस पांढरे झालेला भारदस्त माणूस, शांतता पाळा म्हणत होते आणि कुणी पाळत नव्हतं. एक म्हणत होता की सगळ्यांनी मिळून राजूशी बोलणी करावी. दुसरा म्हणत होता, भोयेने आडमुठेपणा केला नसता तर ही वेळ आली नसती. नवसाबाई उठली. तिने आवाज चढवला नाही.

"आमच्या शेजाऱ्यांनी फाटकं लावून घेतली," ती म्हणाली. "मी रस्त्यात उभी होते. एकेकाचं तोंड माला दिसत होतं. राजूला मी भिते. पण त्याच्यापरीस माला तुमचा राग लय हाय."

 मग दिवाकर कुलथ्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मी पहिल्या ट्रकपासून देतोय. घरातसुद्धा सांगितलं नाही." त्यांच्यामागून एकेक जण बोलत गेला. सगळेच देत होते. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच देतोय, आणि लाजेपायी कुणी कुणाला विचारलं नव्हतं. समोरचा फाटकवाला बोलायला उठला. तो नुसता हात जोडून खाली बसला. नवसाबाईला त्याची दया आली नाही.

त्या बैठकीत ठरलं ते असं. तक्रार नवसाबाई एकटी देणार नाही, सगळे सभासद देतील, प्रत्येक जण आपल्या नावाने. ट्रक यापुढे वेगवेगळे येणार नाहीत. सगळ्यांचा माल एकाच दिवशी, दिवसाउजेडी येईल, आणि तो उतरवायला सगळे हजर राहतील. कुणाच्या दारात गडबड झाली तर शिट्टी वाजवायची, आणि शिट्टी ऐकून जो फाटक लावून घेईल तो संघटनेत राहणार नाही.

दोन दिवसांनी सकाळीच नवसाबाईच्या दारात माणसं जमली. कुणी आपल्या झाडाच्या केशरच्या काड्या आणल्या होत्या, कुणी हापूसच्या, कुणी चाकू आणि कलम बांधायच्या पट्ट्या. समोरचा फाटकवाला गावठी रोपांची गाडीच भरून घेऊन आला होता. हंगाम हातचा जात होता. ती मंडळी पावसात ताडपत्रीखाली बसली आणि भोयेंची कलमं बांधत राहिली. दुपारी भाकरी खाल्ली आणि पुन्हा बसली. नवसाबाई सगळ्यांना चहा देत होती, पण तिचं मन काही मऊ झालं नव्हतं. कमरेचा कोयता तिने काढला नाही. मंगळू एकदा बाहेर येऊन बसला, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून. इतरांची बोटं चालताना त्याने थोडा वेळ पाहिली आणि उठून आत गेला.

तक्रार नावानिशी गेली आणि पोलिसांना ती बाजूला सारता आली नाही. राजूच्या दोन माणसांना उचललं. राजू मात्र सापडत नव्हता, म्हणजे कागदावर सापडत नव्हता. चहाच्या टपऱ्यांवर तो रोज दिसत होता. त्याच्या माणसांनी एका रोपवाटिकेतलं मोटारीची पाइपलाइन कापून टाकली, दुसरीकडे राखणीचं कुत्रं मारून फाटकाला टांगलं. शिट्ट्या वाजत होत्या, लोक धावत होते, आणि तोवर मोटारसायकली निघून गेलेल्या असत.

भाद्रपदात आंध्रातून ट्रक आले. पाम, रबर, मोठाली फायकसची झाडं, मुळांचे मातीचे गड्डे गोणपाटात बांधलेले. संघटनेने पोलिसांना कळवलं होतं, बंदोबस्त मिळणार होता. ट्रक पोचले, बंदोबस्त अजून वाटेत होता, आणि तेवढ्या अवधीत राजू आला.

या वेळी पिकअप तीन होत्या. पहिले दगड आले, मग गज. ट्रकच्या ड्रायव्हरला खाली खेचून चिखलात पाडलं आणि त्याच्या पाठीवर गज पडायला लागले. शिट्टी वाजली. एका रोपवाटिकेत, मग शेजारच्या, मग रस्ताभर. नवसाबाईने ऐकलं आणि फाटकांकडे पाहिलं. फाटकं उघडत होती. माणसं फावडी, पहारी, झाडं छाटायच्या लांब कात्र्या, जे हाताला लागलं ते घेऊन बाहेर पडत होती. आजवर ज्या माणसांनी गुलाबाच्या काट्यापलीकडे रक्त पाहिलं नव्हतं, ती गजांसमोर जाऊन उभी राहिली. दिवाकर कुलथ्यांच्या गुडघ्यावर गज बसला आणि ते खाली गेले. ज्याने मारला त्याच्या तोंडावर फाटकवाल्याने फावडं घातलं, त्याचे दात रस्त्यावर पडले. कुणाचं डोकं फुटलं, कुणाचा खांदा निखळला. राजूच्या माणसांना पळणारी माणसं मारायची सवय होती. समोरून येणारी पाहून ती गोंधळली.

नवसाबाईला यातलं काही दिसत नव्हतं. ती राजूला शोधत होती. तो दुसऱ्या ट्रकच्या मागे होता, मागच्या फळीच्या खिट्या उपटत. फळी पडली आणि एक पाम मुळाच्या गड्ड्यासकट घरंगळत खाली आला. राजूला बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही. गड्डा त्याच्या दोन्ही पायांवर बसला. तो उताणा पडला, उजवा हात चिखलात रोवून सुटायची धडपड करायला लागला.

नवसाबाई त्याच्या डोक्याशी येऊन उभी राहिली. त्याने तिला ओळखलं. "मावशे," तो म्हणाला, "मावशे, नको."

तिने कमरेचा कोयता काढला. तिला फक्त तो हात दिसत होता, चिखलातली पाच बोटं. तिने दोन्ही मुठींनी कोयता डोक्यावर नेला आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून खाली आणला.

वार बसला, पण आवाज वेगळा आला. राजूच्या अंगावर श्यामलाबाई आडव्या पडल्या होत्या. त्या कधी आल्या, कुठून आल्या, नवसाबाईला कळलंच नव्हतं. कोपराच्या खाली त्यांची बाही फाटली होती आणि त्यातून पांढरं हाड दिसत होतं. मग ते रक्ताने भरून गेलं.

श्यामलाबाई ओरडल्या नाहीत. "कोयता टाका," त्या म्हणाल्या. "नवसाबाई, आधी तो टाका."

पोलीस आले तेव्हा राजू गड्ड्याखालीच होता. त्याला तसाच बाहेर काढून बेड्या घातल्या.

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या आवारात संघटनेची माणसं गोळा झाली. कुणाच्या डोक्याला पट्टी, कुणाचा हात गळ्यात. दिवाकर कुलथ्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. जबाब काय द्यायचा ते त्यांनीच मांडलं. राजूच्या हातात कोयता होता असं सगळ्यांनी सांगायचं, वार त्याचाच. त्याला दया दाखवायचं कुणालाच कारण नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी माना हलवल्या.  तेजश्रीने नुसतं वरच्या मजल्याकडे पाहिलं, जिथे श्यामलाबाईंच्या हातात सळई बसवत होते.

श्यामलाबाई शुद्धीवर आल्यावर त्यांनी ते ऐकलं आणि नाही म्हणाल्या. चार मोबाइलवर चित्रीकरण झालंय, एक खोटं उघडं पडलं की तीस तक्रारी खोट्या ठरतील, असं त्यांचं म्हणणं होतं. पोलिसांना त्यांनी घडलं तसं सांगितलं. कोयता नवसाबाईचा, रोख राजूवर, मध्ये मी.

नवसाबाईला अटक झाली.

कोठडीत ती कुणाशी बोलली नाही. राजू राजरोस फिरत होता तेव्हा त्याला कुणी आत टाकलं नाही, आणि आपल्याला आपल्याच माणसाने टाकलं, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. तिकडे संघटनेतही तट पडले होते. काही जण म्हणत होते की जिने सचिवांचा हात तोडला तिला काढून टाका. पण तिच्या रोपवाटिकेला पाणी घालायला रोज कुणीतरी जात होतं, तृप्तीला एकटं सोडत नव्हतं, आणि जामिनाला दिवाकर कुलथे कुबडी घेऊन स्वतः उभे राहिले.

नवसाबाई सुटून घरी आली. आत येताच ती श्यामलाबाईंच्या नावाने बोलायला लागली, कोठडीत जमलेलं सगळं बाहेर पडायला लागलं. मंगळू ऐकत होता. बोटं गेल्यापासून तो जवळजवळ मुका झाला होता. त्याने आपला उजवा हात तिच्या तोंडासमोर धरला, अंगठा आणि एक बोट उरलेला.

"त्या बाईचा हात आता असाच झाला," तो म्हणाला. "माझा राजूनं केला. तिचा तू केलास."

 मंगळू बाहेर निघून गेला आणि पुढे पुष्कळ दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला. नवसाबाईला मार बसला असता तरी एवढं लागलं नसतं. कोयत्याचा तो वेगळा आवाज तिला जेवतानासुद्धा ऐकू येऊ लागला. हातात काडी आणि चाकू धरला की तोच आवाज यायचा, म्हणून कलमं तृप्तीच बांधायची.

शेवटी ती श्यामलाबाईंच्या घरी गेली. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, उजवा हात उशीवर. हाताची बोटं वळत नव्हती, बागांचे नकाशे आता हाताखालची मुलगी काढत होती. नवसाबाई दारातच खाली बसली.  तिने विचारलं, "तुम्ही त्या मेल्याला वाचवाया का आलात?"

"त्याला वाचवायला नाही आले," श्यामलाबाई म्हणाल्या. "तुम्ही त्याचा हात तोडला असता तर मंगळूचा हात कोर्टात कुणी पाहिला नसता. मला वाटलं तुम्ही थांबाल." मग त्या म्हणाल्या, "मला तुमचा राग येतो, नवसाबाई. रोज सकाळी केस विंचरायला दुसऱ्याला हाक मारावी लागते तेव्हा येतो. तो जाईल असं मी काही सांगत नाही."

नवसाबाईने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती सकाळी पुन्हा आली आणि काही न विचारता त्यांचे केस विंचरून दिले. आखूड केसांना विंचरण्यासारखं फार नव्हतं. श्यामलाबाईंनी नको म्हटलं नाही. 

खटला उभा राहायला वर्षं गेली. मधे राजूला जामीन मिळाला आणि तो परत आला, तेव्हा भोयेंच्या पत्र्यावर दगड पडले. तृप्तीच्या स्कूटीला मोटारसायकलने धडक दिली, तिचं हनुवटीखाली फाटलं. तक्रार झाली, जामीन रद्द झाला. फाटकवाल्याचं नाव साक्षीदारांत होतं. त्याच्या घरी जाऊन त्याच्या म्हातारीसमोर कुणीतरी टेबलावर सुरा ठेवून आलं. तो घाबरला, आणि घाबरलोय हे सांगायला संघटनेकडे आला. त्या दिवसापासून साक्ष होईपर्यंत त्याच्या ओट्यावर आळीपाळीने सभासद बसले. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला मागची बाकं रोपवाटिकावाल्यांनी भरलेली असत. मंगळू पहिल्या बाकावर बसे, हात गुडघ्यावर उघडा ठेवून.

नवसाबाईची उलटतपासणी झाली तेव्हा राजूचा वकील गोड बोलत आला. मंगळूच्या हाताविषयी त्याने फारसं विचारलं नाही. त्याने भाद्रपदातली ती सकाळ काढली. तिचा कोयता, तिने लावलेली धार, कमरेला खोचून फिरणं. हे सगळं सूडापोटी रचलेलं आहे असं त्याला दाखवायचं होतं. तेजश्रीने तिला आधीच बजावलं होतं की या प्रश्नांना उत्तर द्यायला ती बांधील नाही, तिच्यावर वेगळा खटला चालू आहे.

"तुम्हाला राजूला जिवे मारायचं होतं की नाही?" वकिलाने विचारलं.

तेजश्री उभी राहिली, पण नवसाबाई त्याआधीच बोलली होती. "जिवे नाय. हात तोडायचा व्हता. मुद्दाम धार लावली. मधे बाईंचा हात आला म्हणून राजूचा हात त्याच्याजवळ हाय." मग तिने पिंजऱ्यातल्या राजूकडे बोट केलं. "पण माझ्या नवऱ्याचा हात यानं आधी तोडला. तवा माझ्या हातात कलमाची काडी व्हती."

 वकिलाने कागद चाळले आणि तो बसला.

बाहेर आल्यावर तेजश्री तिच्यावर चिडली, तुमची स्वतःची केस तुम्ही स्वतःच बुडवलीत म्हणाली. नवसाबाई म्हणाली की श्यामलाताईंनी खरं सांगितलं तेव्हा मला आत टाकलं, आता मी खोटं बोलले तर त्यांचा हात फुकट जाईल. श्यामलाबाई जवळच उभ्या होत्या. त्यांनी डावा हात नवसाबाईच्या खांद्यावर ठेवला आणि तसाच ठेवून त्या पायऱ्या उतरल्या.

राजूला सात वर्षांची शिक्षा झाली, त्याच्या तिघा माणसांना त्याहून कमी. नवसाबाईही दोषी ठरली. श्यामलाबाईंनी कोर्टापुढे स्वतः उभं राहून तिच्यासाठी शब्द टाकला, आणि कोर्टाने तिला तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. हमी संघटनेने घेतली. निकाल ऐकून लोकांनी पेढे वाटले. नवसाबाईने पेढा पदरात बांधून ठेवला. तिला खावासा वाटेना.

मंगळू पुन्हा कलम बांधू शकला नाही. संघटनेने ट्रक उतरवायच्या जागेची देखरेख त्याच्याकडे दिली. तो आता तिथे बसतो, कुठलं झाड कुणाचं ते सांगतो आणि ड्रायव्हरांना जेवायला घालतो. नवसाबाईच्या कानातला तो आवाज गेला नाही, पण कमी झाला आहे.

गेल्या हिवाळ्यात चांदवडहून संघटनेला फोन आला. हमरस्त्यालगत एका तरुण नवरा-बायकोची कांद्याच्या रोपांची आणि फुलझाडांची रोपवाटिका होती. तिथे कुणीतरी वसुलीला येऊ लागलं होतं, आणि दोन दिवसांपूर्वी नवऱ्याला दोरीने बांधून बायकोदेखत मारलं होतं. नवसाबाई टेम्पोत बसून गेली. बरोबर दिवाकर कुलथे आणि आणखी पाचसहा जण. पोरगा ओसरीत बसला होता, एक डोळा सुजून मिटलेला. पोलिसांत जायला तो तयार नव्हता. मी बघतो त्यांच्याकडे, एवढंच तो म्हणत होता, आणि त्याची बायको कोपऱ्यात उभी राहून नवसाबाईकडे पाहत होती.

नवसाबाई त्याच्यासमोर बसली आणि तिने त्याला सगळं सांगितलं. मंगळूची बोटं सांगितली, लागलेली फाटकं सांगितली, आणि श्यामलाबाईंचा हात आपण कसा तोडला तेही सांगितलं.  पोरगा ऐकत राहिला. शेवटी तो उठला, शर्ट घातला आणि त्यांच्याबरोबर ठाण्यात गेला.

पुढच्या आठवड्यात त्याच्या मालाची गाडी आली तेव्हा नाशिकहून माणसं गेली होती. वसुलीवालेही आले. दगड पडले, एका सभासदाच्या कपाळाला चार टाके पडले, नवसाबाईच्या दंडाला गज लागून तो काळानिळा झाला. तिच्या हातात या वेळी फक्त शिट्टी होती, आणि पोलीस येईपर्यंत ती वाजवत राहिली. मग सगळ्यांनी मिळून गाडी उतरवली.